नाव बदला, आद्याक्षरं राहू द्या

क्लाउस आशरचा कॉलिन अ‍ॅन्सन झाला. नाव अस्सल इंग्रजी, पण आद्याक्षरं (C. A.) जुनीच. रुमालावर, कपड्यांवर एखादं जुनं अक्षर राहून गेलंच, तर ते नव्या नावात खपून जावं, हा हिशेब.

ही दुसऱ्या महायुद्धातली क्रमांक १० आंतर-मित्रराष्ट्रीय कमांडोची तिसरी तुकडी. ब्रिटनने १९४२ मध्ये उभारलेल्या या दलात फ्रेंच, डच, बेल्जियन, नॉर्वेजियन, पोलिश अशा देशवार तुकड्या होत्या. त्यांना निदान आपापला झेंडा होता. तिसरीला तोही नव्हता. जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेली ही बहुतेक ज्यू पोरं. १९४० मध्ये ब्रिटननेच त्यांतल्या अनेकांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून डांबलं, मग पायोनियर कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या मजूर-दलात, फावडी हातात दिली. तिथून निवडून त्यांना वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आणलं. प्रमुख होता ब्रायन हिल्टन-जोन्स, भाषा शिकलेला गिर्यारोहक.

नुसत्या नावाने भागत नव्हतं. लष्करी क्रमांक नवा, कारण जुना पाहताच पायोनियर कोअर ओळखू आली असती. पे-बुकात (सैनिकाच्या पगारपुस्तकात) भलत्याच रेजिमेंटचं नाव, ओळखपट्टीवर धर्म चर्च ऑफ इंग्लंड. जुनी पत्रं, फोटो जवळ ठेवायचे नाहीत. उच्चार मात्र कुठे लपवणार? त्यासाठी प्रत्येकाने परदेशात गेलेल्या बालपणाची एक गोष्ट घोकून ठेवायची. खरी ओळख फुटली असती तर कैदी म्हणून नव्हे, देशद्रोही म्हणून गोळी बसली असती; शिवाय मागे राहिलेल्या आईबापांचं काय झालं असतं ते वेगळंच.

एवढा खटाटोप त्यांच्या जर्मन भाषेसाठी. एरवी पकडलेल्या जर्मन कैद्याला मागच्या मुख्यालयात नेऊन, दुभाष्या गाठून माहिती मिळेपर्यंत ती शिळी होते. सुरुंग कुठे, मशीनगन कुठल्या झाडीत, हे जागच्या जागी कळलं तरच उपयोग. म्हणून तिसरी तुकडी एकत्र लढलीच नाही. चार-पाच जणांचे गट करून ती इतर कमांडोंना वाटून दिली. माझ्या मते हाच या योजनेतला सर्वात शहाणा निर्णय. त्याची किंमतही होती, कारण अनोळखी अधिकाऱ्याला या दोन-चार ‘विचित्र उच्चारां’चं करायचं काय ते समजत नसे. नॉर्मंडीत पीटर मास्टर्सला (मूळचा आरानी, व्हिएन्नाचा) अधिकाऱ्याने सरळ गावाच्या रस्त्यावरून एकट्याला चालत जायला सांगितलं, शत्रू कुठून गोळी झाडतो ते दिसावं म्हणून! त्याने जर्मनमध्ये ओरडून सांगितलं, तुम्ही घेरले गेलाय, शरण या. कुणी आलं नाही, पण सगळे बुचकळ्यात पडले आणि तेवढ्यात मागची माणसं पुढे सरकली.

सोंग मात्र पक्कं वठलं. मेलेल्यांच्या थडग्यांवर इंग्रजी नाव आणि क्रूस चढला. काही दगड पुढे बदलले, तिथे आता दावीदाचा तारा, ज्यूंचं चिन्ह, आहे.