बेव्हर्लीचा सोळा नंबर

महापेच्या आमच्या ऑफिसात कामाला खरा जोर येतो तो संध्याकाळी साडेसहाला. इंग्लंडात तेव्हा उन्हाळ्यातले दुपारचे दोन वाजलेले असतात. एका परदेशी क्लायंटसाठी आम्ही तिथल्या घोड्यांच्या फ्लॅट रेसचा, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींचा, डेटा भरतो. कोणता घोडा सुरुवातीच्या गेटमधल्या कितव्या स्टॉलमधून, म्हणजे खणातून, सुटला, पहिल्या दोन फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे साधारण दोनशे मीटर) कुठे होता, वळणावर आतल्या कठड्यापासून, म्हणजे रेलपासून, किती लांब होता, हे सगळं व्हिडिओ मागे-पुढे करत नोंदवायचं. आठ वर्षं मी हे काम करते आहे आणि मनापासून करते.

गेल्या जुलैत क्लायंटला २००५ ते २०१५ चा डेटा धरून प्रत्येक कोर्सवर ड्रॉचा, म्हणजे चिठ्ठीने मिळालेल्या स्टॉल नंबरचा, निकालावर होणारा परिणाम काढून हवा होता. काम टीममधल्या नव्या मुलाकडे दिलं. चेस्टरचा तक्ता त्याने आधी आणला, तो अपेक्षेप्रमाणेच होता. चेस्टर म्हणजे जेमतेम एका मैलाचा गोल कोर्स, घोडे सतत डावीकडे वळत असतात. तिथे आतले नंबर पुढे येणारच.

का, ते मी त्याला शाळेतल्या शर्यतीवरून सांगितलं. दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आम्ही ४०० मीटर पळायचो, तेव्हा बाहेरच्या प्रत्येक लेनला सात-साडेसात मीटर पुढून सोडायचे. घोड्यांना ही सवलत नाही. सगळे एका ओळीतून सुटतात आणि कुणाला कुठला स्टॉल मिळेल ते नशिबावर. अर्ध्या गोलाच्या वळणावर घोडा रेलपासून तीन मीटर बाहेर राहिला, की तो नऊ मीटरहून जास्त अंतर फुकट धावतो. म्हणजे जवळपास चार लेंथ, चार घोड्यांची लांबी. पाच फर्लांगांच्या रेसचा निकाल यापेक्षा किती तरी कमी फरकाने लागतो.

मग बेव्हर्ली आलं. यॉर्कशायरमधला उजव्या हाताचा कोर्स. तिथली पाच फर्लांगांची रेस चढावर धावतात आणि वाटेत ट्रॅक उजवीकडे वळतो. तिथे आतला स्टॉल सोन्यासारखा, हे मी रोज डोळ्यांनी बघत आले होते. त्याचा तक्ता मात्र सांगत होता, ड्रॉने काहीच फरक पडत नाही.

"कोड चुकलाय," मी म्हटलं.

"ताई, तीनदा तपासला."

"चौथ्यांदा तपास."

तो गप्प बसून परत कामाला लागला. रात्री साडेनऊला पुन्हा आला. "ताई, वर्षं वेगळी करून बघितली. २०११ च्या आधी उलटं आहे. मोठे नंबर जिंकतात."

माझा तरीही विश्वास बसेना. शेवटी दोघांनी मिळून २००९ ची एक रेस लावली. सोळा नंबरच्या स्टॉलमधला घोडा. गेट उघडलं आणि तो उसळून बाहेर पडला. मी बाहेरच्या बाजूला शोधत होते. तो तिथे नव्हताच. उजव्या हाताच्या पांढऱ्या रेलला जॉकीचा बूट घासेल इतका तो आत होता, आणि एक नंबरचा घोडा पार पलीकडच्या कडेला एकटाच धावत होता.

पूर्वी तिथे स्टॉलचे नंबर डावीकडून उजवीकडे टाकत. डाव्या हाताच्या कोर्सवर त्यामुळे एक नंबर रेलजवळ यायचा, उजव्या हाताच्या कोर्सवर सगळ्यात बाहेर. २०११ पासून कोर्स कुठल्याही हाताचा असो, एक नंबर आतल्या रेलला. मी या कामात आले ती त्यानंतर, आणि जुना आकडा वाचताना कधी थबकले नाही. आमच्या फायलीत दोन्ही पद्धती एकाच रकान्यात पडून होत्या आणि एकमेकींना खोडून काढत होत्या. चेस्टर डाव्या हाताचं, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. मुलाचा कोड पहिल्यापासून बरोबर होता. मी त्याची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत.

पलटवायचं सूत्र सोपं वाटलं: धावलेले घोडे अधिक एक, वजा जुना नंबर. अकराच्या सुमारास एका घोड्याचा स्टॉल उणे एक आला! रेसमध्ये धावले होते बारा आणि तो सुटला होता चौदा नंबरमधून. दोन घोडे ऐनवेळी काढून घेतलेले. म्हणजे धावलेले घोडे मोजून भागणार नव्हतं, ड्रॉ निघाला तेव्हा यादीत किती होते ते हवं होतं, आणि तेही प्रत्येक रेससाठी.

त्यात चार रात्री गेल्या. पण बेव्हर्लीचा तक्ता सरळ झाला आणि मला सगळ्यात जास्त हवी होती ती गोष्ट दिसली. आतून सुटलेल्या सगळ्याच घोड्यांना फायदा नव्हता. गेटमधून चपळाईने निघून पहिल्या फर्लांगात जागा धरणाऱ्यांना तो भरपूर होता. सुस्त निघणारे आत कोंडले जात, पुढे घोड्यांची भिंत आणि बाजूला रेल. वळण आलं की जॉकीला लगाम खेचण्यावाचून गत्यंतर नसे. अशा घोड्याला एक नंबर मिळाला तर मला वाईटच वाटतं. म्हणून ड्रॉच्या शेजारी सुरुवातीच्या वेगाचा रकाना असलाच पाहिजे, असं मी रिपोर्टात पहिल्या पानावर लिहिलं.

शनिवारी पहाटे अंतिम फाईल गेली. मुलाने मेलमध्ये माझं नाव वर घातलं होतं. ते मी खाली घेतलं आणि मग आम्ही घणसोली स्टेशनकडे निघालो.