ग्रामसभेतला उघड्या अंगाचा ठराव

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज ग्रामसभेत जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही. विषय होता गावात उघड्या-नागड्या अंगानं फिरणाऱ्यांवर बंदी. ठरावात तीन गोष्टी एकत्र घातल्या होत्या, हापशीवर चड्डीवर आंघोळ बंद, पोट्ट्यांनी बर्मुडा घालून मारोतीच्या पारावर बसणं बंद, आणि बसस्टॉपवर येऊन राहिलेल्या त्या माणसाला गावाबाहेर काढणं. खरी गोष्ट तिसरीच होती, पहिल्या दोन तिच्यासोबत नुसत्या लावून दिल्या होत्या हे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

तो माणूस पोळ्याच्या आसपास आला. कुठला ते कळत नाही, बोलणं तेलुगूसारखं वाटते. अंगावर कपडा ठेवत नाही. पानठेल्यावाल्या भाऊनं लुंगी दिली, मी यांचा जुना शर्ट नेऊन दिला, दुपारपर्यंत दोन्ही नालीत. कोणाच्या अंगावर जात नाही, कोणाकडे बघत नाही, कोणी आलुबोंडा दिला तर खातो आणि शेडमध्ये पडून राहतो. पण हेही खरं की त्याच शेडमधून पोरी शाळेची एसटी पकडतात आणि आता त्या रस्त्याच्या पलीकडं उन्हात उभ्या राहतात, माझी पोरगी पण त्यातच आहे. पोरींना अवघडल्यासारखं होते ते काही खोटं नाही, आणि जे लोक म्हणतात की त्यात काय एवढं, त्यांनी एकदा सकाळी तिथं उभं राहून बघावं.

माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. चार पोट्ट्यांनी त्याचा व्हिडिओ काढला, वर गाणं लावलं आणि स्टेटसला टाकला. गावातल्या अर्ध्या लोकांनी तो पाहिला, हसले, पुढं पाठवला, आणि तेच लोक आज सभेत उभे राहून म्हणत होते की गावात लेकीबाळी राहतात, गावाची इज्जत जाते. त्या शेडमध्ये त्याला पाहणारे किती असतील, आणि मोबाईलमधून घराघरात जेवणाच्या ताटापर्यंत त्याला कोणी नेलं?

मी उभी राहिले. हात थरथरत होते पण बोलले. म्हटलं, आपण शेगावला जातो ना पायी, आपल्या घरात गजानन महाराजांचा फोटो आहे ना, त्यात महाराजांच्या अंगावर काय आहे? पारायणाला बसणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट माहीत आहे, महाराज रेल्वेत तसेच बसले म्हणून खटला झाला, जठारसाहेबांपुढं चालला, आणि पाच रुपये दंड झाला तो सोबतच्या भक्ताला, भास्कराला. ज्याला देहाचं भान नाही त्याला शिक्षा नाही, सोबतच्या माणसानं सांभाळायला पाहिजे होतं म्हणून दंड सोबतच्याला. मला ती गोष्ट लहानपणापासून आवडते, आणि आज पहिल्यांदा वाटलं की तो न्याय आपल्या गावाला लागू होतो, आपण सगळे भास्कर आहोत.

लगेच एक काका म्हणाले, "बाई, महाराज कोठं अन् हा येडा कोठं." बरोबर आहे, मी कुठं म्हणते दोघं एक. मागच्या हिवाळ्यात दिगंबर मुनींचा विहार आपल्या रोडनं गेला, पिंछी-कमंडलू घेऊन, थंडीत अनवाणी, आणि सारं गाव हात जोडून उभं होतं, सासूबाई तर दारात रांगोळी काढून बसल्या होत्या. मुनींनी समजून-उमजून सारं सोडलं, वर्षानुवर्षं साधना करून. हा माणूस आजारी आहे. मग फरक असलाच तर तो असा की आजारी माणसाला जास्त सांभाळायला पाहिजे, त्याला टेम्पोत घालून रात्री हायवेवर सोडून देऊ असं कसं म्हणता? हो, हेच सुचवलं होतं एकानं सभेत, सरळ. म्हणजे पुढच्या गावाची डोकेदुखी.

आणि उघड्या अंगाबद्दल आपल्या भागात सगळ्यांचं एकच मत कधी होतं? आमच्या वाशिम जिल्ह्यातलंच शिरपूर घ्या. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीवर कटिसूत्र आणि कछोटा, म्हणजे करदोटा आणि लंगोट, दिसावा की नाही, यावरून श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही पंथ पिढ्यानपिढ्या कोर्टात, १९२९ साली प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलेलं, नंतर १९८१ पासून मंदिराला कुलूप, ते सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं २०२३ मध्ये उघडलं. दोन्ही बाजूचे लोक श्रद्धेचेच, चांगलेच. देवाच्या अंगावर कपडा किती यावरच जिथं एवढी वर्षं लागली तिथं ग्रामपंचायतीनं अर्ध्या तासात हात वर करून माणसाच्या अंगाचा निकाल लावावा हे मला पटत नाही.

माझी आजी उन्हाळ्यात घरात पोलकं घालत नसे. लुगड्याचा पदर अंगावर, बस. अंगणात तांदूळ निवडायची, येणारेजाणारे तिच्याशी बोलायचे, कोणाला काही वाटत नव्हतं. आज तशी बाई अंगणात बसली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणजे गावाची रीत काही दगडावर कोरलेली नाही, बदलते, आणि बदलते तेव्हा तिचा भार बाईवर पडतो.

ठरावात बायांचं काहीच नव्हतं हे मला सगळ्यात जास्त लागलं. आदल्या दिवशी महिलांची सभा झाली म्हणे, झाली म्हणजे रजिस्टर घरोघरी फिरलं आणि आम्ही सह्या केल्या. पुरुष हापशीवर उघड्यावर आंघोळ करतो ती त्याची मर्जी, त्याला घरात न्हाणी असली तरी बाहेर बरं वाटते. वरच्या आळीतल्या बायांना मर्जीचा प्रश्नच नाही, चार काड्या आणि जुनी साडी बांधून आडोसा, साडीलाच छिद्र, सकाळी अंधारात उरकायचं कारण उजाडलं की समोरच्या रस्त्यानं माणसं जातात. संडास कागदावर सगळ्यांकडं आहेत. काहींमध्ये गोवऱ्या आहेत, काहींना पाणी नाही, आणि त्या बाया अजूनही पांदणीनं जातात, गाडीचा उजेड आला की उठून उभ्या राहतात, उजेड गेला की परत बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मीही तशी उभी राहिलेली आहे. पूर्वी उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला सकाळी सकाळी गुडमॉर्निंग पथक यायचं, शिट्ट्या वाजवायचे, फोटो काढायचे, कोणी विचारलं नाही की बाईचा असा फोटो काढायचा तुम्हाला काय अधिकार. गाडगेबाबांनी अमरावतीच्या मुलखातून खराटा हातात घेऊन गावं झाडत नेली, लोकांना रागावले, पण स्वतः झाडलं आधी.

माझ्या मते स्वातंत्र्य म्हणजे आपलं अंग कोणापुढं उघडं आणि कोणापुढं झाकलेलं हे आपलं आपल्याला ठरवता येणं. शहरात कोणी हिरो नागड्या अंगानं फोटो काढतो, २०२२ मध्ये रणवीर सिंगवर मुंबईत गुन्हा दाखल झाला, त्याच्याआधी २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर नागडा धावला म्हणून मिलिंद सोमणवर, त्यावर चॅनेलवाले आठवडाभर बोलतात. बोलू द्या. सुप्रीम कोर्टानंच २०१४ मध्ये टेनिसवाल्या बोरिस बेकरच्या नग्न फोटोच्या केसमध्ये म्हटलं आहे की नुसतं नग्न आहे म्हणून चित्र अश्लील होत नाही, कशासाठी काढलं ते बघा, आणि आजच्या समाजाच्या नजरेनं बघा. पण आमच्या गावातल्या बाईला अंग झाकायला भिंत मिळत नाही, तिचं स्वातंत्र्य इथंच अडलं आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

भाचा वकिलीला आहे, त्याला काल फोन लावून सगळं विचारून घेतलं होतं, ते सभेत वाचून दाखवलं. सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं अश्लील वागणं हा गुन्हाच आहे, आधी भारतीय दंड संहितेचं २९४ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९६, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रामपंचायतीनं वेगळा ठराव करायची गरज नाही. आणि मानसिक आजार असलेला माणूस असा भटकत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगते की पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. हाकलायचं असं कुठंच नाही. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण आधी जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवावं लागेल. आणि माणसाच्या गुप्तांगाचा फोटो-व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय, त्याच्या खाजगीपणाचा भंग करून काढला किंवा पाठवला, तर आयटी कायद्याचं ६६-ई, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे वाचलं तेव्हा मागं बसलेली पोट्टी मोबाईल खिशात घालायला लागली.

एक जण तरी म्हणालाच, "त्या येड्याची कायची इज्जत." सासूबाई बसल्या होत्या बायांमध्ये, त्या कधी सभेत बोलत नाहीत, त्या बसूनच म्हणाल्या, "त्याले काही समजत नाही रे बाप्पा, तुले त समजते ना?" त्यानंतर कोणी बोललं नाही बराच वेळ.

शेवटी बर्मुड्याचं कलम कोणालाच नको होतं, ते गेलं. हापशीच्या मागं भिंत बांधून दोन न्हाण्या करायच्या, एक बायांची आणि तिला आतून कडी, हे ग्रामसेवकानं लिहून घेतलं, निधी कुठला ते पुढच्या मिटिंगला बघू म्हणाले, म्हणजे मला मागं लागावं लागणार. त्या माणसाला टेम्पोत घालायचं मागं पडलं पण मिटलेलं नाही, दोघंतिघं अजून कुरकुरत होते, म्हणून यांना आणि पानठेल्यावाल्या भाऊला रात्री एक चक्कर मारायला सांगितलं आहे. उद्या सकाळी अर्ज घेऊन ठाण्यात जायचं, कलम नंबरासहित, आणि पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. सोबत पोलीस पाटील येतो म्हणाले.

त्या चार पोट्ट्यांपैकी एकाची आई माझ्या बचत गटात आहे. तिच्याकडं उद्या जायचं आहे. स्टेटस तर चोवीस तासांत गेलं, पण व्हिडिओ अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे आणि ज्यांना ज्यांना पाठवला त्यांच्याकडंही, ते सगळे नंबर त्यालाच विचारून एकेकाला डिलीट करायला लावायचं. तिला वाईट वाटेल, पण सांगणार आहे.