यू मुंबाचा सार्वकालिक संघ: खरा वाद डाव्या कोपऱ्याचा

परभणी असो की लातूर, कबड्डीवाले जमले की प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघाचे आजवरचे सर्वोत्तम सात निवडायला बसतात. उजव्या कोपऱ्याला, म्हणजे बचावफळीच्या उजव्या टोकाला, मोहित छिल्लर, यावर फारसं कुणी भांडत नाही. भांडण डाव्या कोपऱ्याचं: सुरेंदर नाडा की फजल अत्राचली?

कोपऱ्याच्या गड्याचं मुख्य काम घोटा धरणं. त्याची वेळ एकच असते, चढाईपटूने बोनससाठी, म्हणजे मागच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या जादा गुणासाठी, पाय टाकून वजन त्यावर दिलं की लगेच. लवकर झेप घेतली तर तो पाय मागे ओढतो, हाताला फक्त स्पर्श लागतो आणि गुण जातो. उशीर झाला तर तो वळलेला असतो. बोनस रेषेपासून मध्यरेषा 4.75 मीटर, ताकदीचा गडी एकट्या कोपऱ्याला तेवढं सहज ओढत नेतो. म्हणून कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभ्या मध्यरक्षकाने लगेच कमरेला भिडायलाच हवं. मातीत पाय घसरतो, मॅटवर रोवता येतो, त्यामुळे आपल्याकडच्या पोरांना हा हिशोब नव्याने बसवावा लागतो.

नाडा-छिल्लर ही जोडी होती, एकाने धरलं की दुसरा पोचलेला. 2015 चं विजेतेपद त्यांच्याच काळातलं. तरी माझं मत फजलला. घोटा सुटला तरी तो पाठीमागून कवळ, म्हणजे मिठी, घालतो. दुसरा डाव हाताशी असलेला कोपरा दुर्मीळ.

मध्यरक्षक जीवा कुमार आणि विशाल माने. चढाईला अनुप कुमार कर्णधार, सोबत रिशांक देवाडिगा. तिसरा सिद्धार्थ देसाई: 2018 चा एकच हंगाम, पण 200 च्या वर चढाई गुण. शब्बीर बापू राखीव, हे मात्र जिवावर येतं.