वनराजाची पिल्लं सहा आठवड्यांची झाली: ऊब, तूस आणि लसी

आमची वनराजा जातीच्या कोंबड्यांची पिल्लं आता सहा आठवड्यांची झाली. अंगावरची लव जवळजवळ गेली, पंख भरले आणि रात्रीचा बल्बही बंद केला. एक दिवसाची पिल्लं आणून घरी वाढवायची माझी ही पहिलीच खेप, आणि तीही वाईच्या ऐन थंडीत. त्यामुळे या नोंदीत निम्मं बोलणं उबेचंच आहे. ते तसंच असायला हवं असं मला वाटतं. सुरुवातीचे दोन आठवडे पिल्लू तगतं ते खाद्यापेक्षा उबेवर.

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं, म्हणून तर हॅचरीतून खोक्यात भरून लांबच्या गावाला पाठवता येतं. थंडी मात्र त्याला तासभरही सोसवत नाही, कारण नुसत्या लवेवर स्वतःच्या अंगाची ऊब राखणं त्याला जमत नाही. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतात. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं.

बल्ब हवा तो तारेचा, पिवळ्या उजेडाचा. एलईडी इथे उपयोगाचा नाही, तो उजेड देतो पण तापत नाही. आता दुकानात मागितला की समोर एलईडीच येतो, जुना बल्ब शोधावा लागतो. डझनभर पिल्लांना ६० वॅटचा एक पुरतो, पण मी दोन लावले होते. रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. दोन्ही साखळीला टांगलेले, म्हणजे ऊब कमी करायची तर बल्ब वर उचलायचा. भोवती पत्र्याचा गोल रिंगण केला. चौकोनी खोकं टाळा. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

थर्मामीटर लावलेला होताच, पण खरं सांगतात ती पिल्लंच. बल्बखाली गोळा होऊन कर्कश चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडी, पंख सैल सोडलेले, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारं लागतंय. आमच्याकडे पहाटे हेच दिसायचं, खिडकीच्या फटीला गोणपाट लावल्यावर ती पांगली. रिंगणभर पसरलेली, काही खाताहेत, काही पाय ताणून झोपलीत आणि मधूनच बारीक कुजबुज, असं दिसलं की आकडा काहीही असो, ऊब बरोबर आहे. मला या आवाजाची इतकी सवय झाली की शेजारच्या खोलीतूनही फरक कळायला लागला.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवायच्या आणि रिंगणावर गोणपाट अर्धवट टाकायचं, हवेला जागा सोडून. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, तिचा वायू पिल्लांना आणि माणसांनाही मारतो.

शेजारच्या काकूंकडे याच दिवसांत खुडूक कोंबडी गावठी पिल्लं घेऊन हिंडत होती. त्या म्हणाल्या, "अगं, तुझा बल्ब ऊब देईल, पण खायला कोण शिकवणार?" मग मी त्यांच्या अंगणात बसून कोंबडी काय करते ते नीट पाहिलं. ती दाण्यावर चोच आपटते, बारीक आवाज काढते, दाणा उचलते, परत टाकते. पिल्लं धावत येतात ती त्या टकटकीवर. घरी येऊन वर्तमानपत्रावर मक्याचा बारीक भरडा पसरला आणि बोटाच्या नखाने टकटक केली. पिल्लं खरोखर आली आणि बोटाशेजारचा दाणा टिपायला लागली! पाण्याचंही तसंच: एकेकाची चोच हलकेच बुडवली. पहिल्या पाण्यात गूळ होता. भांड्यात गोटे टाकले, कारण उथळ पाण्यातही पिल्लू बुडू शकतं.

कागद दोन-तीन दिवसच. नंतर भाताचं तूस, दोन इंच थर, जावळीकडच्या गिरणीतून आणलेलं. सुरुवातीलाच तूस उघडं ठेवलं तर पिल्लं तेच खात बसतात. तूस कोरडं राहणं हे उबेच्या खालोखाल महत्त्वाचं. मूठभर दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून तो धोका मोठा असतो. पिल्लू पिसं फुगवून एकटं बसलं, विष्ठेत लाल दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जायचं. मी रोज सकाळी तूस हलवते आणि पाण्याच्या भांड्याखालचं बदलते.

खाद्य चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य, बाकी काही नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य घरात असलं तरी पिल्लांना घालू नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. मेथी-कोथिंबिरीची पानं चिरून द्यायला लागले तेव्हा सोबत बारीक वाळूही ठेवली, कारण पोटात दळायला खडे लागतात.

घरी मोजकी पिल्लं पाळणाऱ्याची खरी अडचण लसीची. मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचली जाते. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यात एक थेंब. गंबोरो या पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती मारणाऱ्या रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या आसपास, आणि लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. पण लासोटाची बाटली आमच्या दुकानात शंभर पिल्लांचीच मिळाली. फोडून विरघळवली की दोन तासांत संपवायची, ठेवून चालत नाही. म्हणून काकू आणि वाडीतली आणखी दोन घरं असं सगळ्यांनी एकच सकाळ ठरवली. बाटली बर्फाच्या थर्मासमधून आणली आणि घरोघर जाऊन थेंब घातले. थेंब घातल्यावर पिल्लू डोळा मिटून तो आत घेईपर्यंत हातातच धरायचं. गंबोरोची लस पाण्यातून दिली. त्यासाठी विहिरीचं पाणी घेतलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लस मारतं. मला तरी ही वर्गणीची पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण रोग घरांच्या कुंपणाला जुमानत नाही.

सगळी पिल्लं मात्र राहिली नाहीत. एक पहिल्यापासूनच अशक्त होतं, चोच बुडवूनही पाणी घेत नव्हतं. वेगळं ठेवलं, ड्रॉपरने गुळाचं पाणी दिलं, तरी गेलं. वाईट वाटलं, अजून वाटतं.

बाकीची आता दांडीवर चढायला बघतात आणि दुपारी अंगणातल्या मातीत लोळतात. दोघांचे तुरे लाल व्हायला लागलेत, ते कोंबडे असणार. उरलेल्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, असाव्यात, पण अजून खात्री देत नाही.

खुराड्याला षटकोनी जाळी होती, ती काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश ठोकते आहे. मुंगूस आणि घुशी मोठ्या भोकांतून सहज येतात, म्हणून खालच्या बाजूला जाळी फूटभर जमिनीत पुरली आहे. आठव्या आठवड्यात राणीखेतचीच आर२बी नावाची लस टोचून घ्यायची आहे, आणि त्याआधी देवीची. दोन्हीसाठी वाडीतल्या घरांना निरोप गेला आहे. या वेळी आणखी एक घर वाढलंय.