नानांची बॅग आणि पाचशेची नोट

क्रूझवर जाऊन आल्यापासून ज्याला भेटावं तो विचारतो, काय मग, कसं होतं जहाज? जहाज मस्त होतं. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. गोव्यात उतरलो, ऊन खाल्लं, परत चढलो, जेवण दाबून झालं. संपलं प्रवासवर्णन. माझ्या डोक्यात अडकलंय ते जहाजावर पाय ठेवायच्या आधीचं पाव तासाचं प्रकरण, धक्क्यावरचं, आणि ते लिहून टाकल्याशिवाय मला काही चैन पडणार नाही.

आम्ही चौघं. मी, बायको, मुलगी आणि नाना, म्हणजे माझे वडील. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून निघालो. नाशिकरोडला नानांनी स्वतःची बॅग कुणाला उचलू दिली नाही, ते काही नवीन नाही. नाना पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला हमाल होते. पाठीवर गोणी टाकून आयुष्य काढलेला माणूस, आता शहात्तरचे आहेत आणि चाकांची बॅगसुद्धा ओढत नाहीत, उचलतात. चाकं खराब होतात म्हणे.

निघायच्या आदल्या रात्री मावसबहिणीचा फोन आला होता. ती अमेरिकेत असते, फ्लोरिडातून दोन-तीनदा क्रूझला जाऊन आलीय त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. तिनं सांगितलं की धक्क्यावर बॅगा घेणारे पोर्टर वेगळे आणि जहाजावरचा स्टाफ वेगळा. जहाजाच्या बिलात माणशी रोजची टीप लावतात ती केबिन साफ करणारे, जेवण वाढणारे यांच्यासाठी, धक्क्यावरच्या माणसाला त्यातला छदाम मिळत नाही. तिकडे ते पोर्टर बंदर कामगारांच्या युनियनचे असतात, पगार बरा असतो, तरी बॅगेमागं एक-दोन डॉलर हातावर ठेवायची पद्धत आहे. "आणि नाही ठेवले तर?" मी विचारलं. "तर बॅग समुद्रात," असं म्हणून ती हसली. चेष्टाच ती. पण ती चेष्टा माझ्या डोक्यात रुतून बसली, पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

सीएसएमटीहून बॅलार्ड पियर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीत नीट बसेपर्यंत आलंच. डिकी उघडतोय न उघडतोय तोवर एक जण पुढं झाला, "साहेब, क्रूझ ना?" आणि चारही बॅगा ट्रॉलीवर चढल्यासुद्धा. नानांची पण! नाना "ए, ए, थांब" करेपर्यंत ट्रॉली निघाली होती. नाना तिच्या मागं, आम्ही नानांच्या मागं.

आतली पद्धत मला आवडली खरं तर. बॅगेच्या कडीला केबिन नंबरची कागदी पट्टी गुंडाळून स्टेपल करतात, बॅगा स्कॅनिंगला जातात आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या केबिनच्या दारात येऊन पडतात, आपण हात हलवत चढायचं. पट्ट्या लावून झाल्या. तो माणूस उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, चहापाणी?"

खिशात हात घातला तर नुसत्या पाचशेच्या नोटा. सकाळी गडबडीत एटीएममधून काढलेल्या. टॅक्सीवाल्याला यूपीआय केलं होतं, त्यामुळे सुट्ट्याची आठवणच झाली नाही.

आता इथं माणसानं दोनपैकी एक करावं. पाचशे देऊन मोकळं व्हावं, नाहीतर सरळ हात जोडावेत. मी काय केलं? मी त्याला विचारलं, "चारशे परत आहेत का?"

त्यानं खिशातून पुडकं काढलं. दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटा, घामानं मऊ झालेल्या. अंगठ्याला थुंकी लावून एकेक मोजायला लागला. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं, कशाखाली तरी चेंगरलेलं असणार. मागं लाईन तुंबलेली, एक बाई "चलो ना भैया" करतायत, बायको समुद्र बघायला लागली (तिथून समुद्र दिसत नाही, भिंत दिसते) आणि मी तोंड वर करून त्या नखाकडे बघत उभा, जणू मी त्याला नाही, तोच मला पैसे देतोय. देतच होता म्हणा. चारशे रुपये मोजून घेतले मी त्याच्याकडून. एवढं लाजिरवाणं मला लग्नात आहेराचं पाकीट रिकामं निघालं तेव्हा पण वाटलं नव्हतं.

नाना बाजूलाच उभे. "दर किती ठरला होता?"

"ठरला नव्हता नाना. चहापाणी दिलं."

"मग शंभर कशाचे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हाला वाटेल म्हातारा चिक्कू आहे. तसं नाही. नानांचा राग पैशावर नसतो, दर न ठरवण्यावर असतो. आमच्याकडे कांदा विकला की शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशी कपात वेगवेगळी लिहून यायची, त्या कपातीवरून नाशिक जिल्ह्यात काय काय भांडणं झालीत ते शेतकऱ्यांना विचारा. पण नाना त्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूला, हमाली घेणाऱ्यांच्या बाजूला उभे होते. त्यांच्या मते पट्टीवर छापून आलेले दोन रुपये म्हणजे मजुरी आणि हातावर ठेवलेले दहा म्हणजे भीक. हमालांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा आणि माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हे विषय आमच्या घरी जेवताना निघतात, इतर घरांत क्रिकेट निघतं तसे. रेल्वेनं २०१६ साली कुलीला 'सहायक' म्हणायचं ठरवलं तेव्हा नाना पेपर खाली ठेवून म्हणाले होते, "नाव बदललं. दर?"

आणि खरं तर नाशिकच्या माणसाला खिशातून सुट्टे काढायची सवय पाहिजे. रामकुंडावर जाऊन आलेला कुणीही घरूनच दहा-दहाच्या नोटा वेगळ्या काढून निघतो. भटजींच्या दक्षिणेला आम्ही तयार, हमालाला नाही.

असो. चढलो. केबिन छोटी पण झकास. साडेपाचपर्यंत तीन बॅगा दारात आल्या. चौथी नाही. चौथी म्हणजे नानांची.

सहा वाजले, सात वाजले. मी त्या लांबलचक पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतोय, दुसऱ्यांच्या दारातल्या बॅगांच्या पट्ट्या वाचतोय, एका दारातून एका गृहस्थांनी डोकं काढून "काही हवंय का?" असंही विचारलं. डोक्यात एकच, शंभरच दिले म्हणून झालं हे. चारशे परत घेतले ना, आता भोगा. लिफ्टपाशी नागपूरचं एक कुटुंब भेटलं तर त्यांना मी चक्क सांगितलं, की धक्क्यावरच्या लोकांना कमी दिलं की ते असंच करतात, मुद्दाम बाजूला टाकतात. अगदी माहितगारासारखं. त्या काकू "अगं बाई" म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या बॅगा आल्यात का ते बघायला मुलाला पिटाळलं.

नाना शांत. गाडीची धूळ बसलेला तोच पांढरा सदरा घालून डायनिंग हॉलमध्ये गेले, दोनदा पनीर घेतलं. फक्त जेवण झाल्यावर उगाच खिसे चाचपत होते.

नऊ वाजता केबिनचा फोन वाजला. सिक्युरिटीत या. गेलो तर टेबलावर नानांची बॅग आणि बॅगेसमोर मांडून ठेवलेल्या दोन वस्तू. एक इलेक्ट्रिक केटल. एक अडकित्ता.

केटल बायकोची. आपला चहा आपण करावा म्हणून तिनं नानांच्या बॅगेत जागा होती तिथं सारली होती. केटल, इस्त्री असल्या तापणाऱ्या वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत, आगीची भीती, हे मी वाचलं होतं, घरात सांगितलं नव्हतं. आणि अडकित्ता नानांचा, पितळी, आजोबांपासूनचा. स्कॅनरला तो शस्त्रासारखा दिसला असणार. तिथला मुलगा केरळचा होता, त्यानं हा प्रकार बहुतेक पहिल्यांदाच बघितला, उघडझाप करून बघत होता आणि मी त्याला इंग्रजीत सुपारी समजावून सांगत होतो.

दोन्ही वस्तू पावती करून ठेवून घेतल्या, उतरताना मिळतील म्हणाले. म्हणजे त्या धक्क्यावरच्या माणसानं बॅग बरोबर पोचवली होती. पट्टी बरोबर, नंबर बरोबर. नागपूरकर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दिसले, त्यांना हे सांगायला पाहिजे होतं. मी डोश्याच्या लाईनकडे वळलो.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर काढून ठेवायच्या असतात, रंगीत पट्ट्या लावून. सकाळी हॉलमध्ये रंगानुसार मांडलेल्या मिळतात. नानांनी आपली ठेवली नाही, सोबतच घेऊन झोपले. उतरल्यावर मी शंभराची एक नोट वेगळ्या खिशात ठेवली होती. त्याला शोधून द्यायची, काहीही न बोलता.

पण शोधणार कसा? सगळ्यांचे कपडे सारखे, आणि चेहरा मी बघितलाच नव्हता. मी हॉलभर अंगठे बघत फिरलो.

"काय शोधू राहिला रे?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

तेवढ्यात एक पोरगा ट्रॉली घेऊन आला. नाना पुढं झाले. "नगाचं काय घेतो?"

"द्या की बाबा समजून."

"समजून नाही. आकडा बोल."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "पन्नास."

"चार नग, दोनशे," नाना म्हणाले आणि जन्मात पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांनी स्वतःची बॅग दुसऱ्याच्या ट्रॉलीवर ठेवली. टॅक्सीपाशी दोनशे मोजून दिले, वर एक रुपया नाही. मग टॅक्सीत बसून प्लॅस्टिकच्या पिशवीतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला लागले.

माझी ती शंभराची नोट खिशातच राहिली. कसाऱ्याला गाडी घाट चढायला मागून इंजिन लावण्यासाठी थांबली तेव्हा वडापावला मोडली.