डिस्क १०० टक्के

बटण दाबायचं आणि उठून दुसरं एखादं काम उरकून यायचं. परत यावं तर पडद्यावर सगळी चित्रं उमटलेली दिसतात, पण माउस हलवला की लगेच ते गोल गोल फिरणारं चक्र. म्हणजे अजून थांबा. जुना कॉम्प्युटर असलेल्या घरात ही सवय कुणी कुणाला लावत नाही, ती आपोआप लागते. मग केव्हातरी कुणीतरी वैतागून म्हणतं, "आता नवीनच घेऊन टाका." सगळे माना डोलावतात. जुना झाला की कॉम्प्युटर स्लो होणारच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं.

मला हे कधी पटलेलं नाही. प्रोसेसरमध्ये झिजण्यासारखं फारसं काही नसतं. दहा वर्षांपूर्वी तो सेकंदाला जेवढी आकडेमोड करत होता, तेवढीच आजही करतो. (धुळीने पंखा गुदमरला असेल तर गोष्ट वेगळी, तिकडे येऊच.) त्याच काळातली विंडोज आणि त्याच काळातले प्रोग्राम टाकून बघितले, तर मशीन पूर्वीसारखंच पळताना दिसेल.

बदललंय ते आपलं काम, आणि ते बदललंय असं आपल्याला वाटतच नाही. "माझा वापर अगदी साधा आहे हो," हे वाक्य जो तो म्हणतो. मेल बघायचा, बिलं भरायची, एखादं पत्र टाइप करायचं, फोटो चाळायचे, लांबच्या माणसांशी व्हिडिओवर बोलायचं. यादी कित्येक वर्षं जवळपास तीच आहे. पण पूर्वी मेलचं पान म्हणजे थोडा मजकूर आणि दोन-चार चित्रं असायची. आता तेच पान उघडताना ब्राउझर एक अख्खा प्रोग्राम उतरवून घेतो आणि चालवत बसतो. त्यात एका साइटने दुसरीच्या भानगडीत नाक खुपसू नये म्हणून हल्लीचे ब्राउझर प्रत्येक साइटचा संसार शक्यतो वेगळा मांडतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते उत्तमच आहे, पण मेमरीचं बिल वाढतं. दहा-बारा टॅब उघडे ठेवून वावरणाऱ्या माणसाचा वापर 'साधा' कसा म्हणायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पास्कल ही भाषा तयार करणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका लेखात कुरकुर करून ठेवली आहे की, हार्डवेअर ज्या गतीने वेगवान होतंय त्याहून जास्त गतीने सॉफ्टवेअर मंद होत चाललंय. याचं श्रेय त्यांनी मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिलं होतं. लोकांनी मात्र नियमाला नाव विर्थ यांचंच चिकटवलं. तेव्हा काही एमबी मागणारे प्रोग्राम त्यांना अवाढव्य वाटत होते. आज एक उघडा टॅबसुद्धा सहज शेकडो एमबी घेतो.

तर दुखणं नेमकं कुठे आहे ते बघायला कुणाला बोलवावं लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मशीन अडखळत असतानाच तो उघडायचा, सगळं सुरळीत झाल्यावर नव्हे. जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. प्रोसेसर निवांत, मेमरी गळ्यापर्यंत आलेली, आणि डिस्कच्या रकान्यात लाल होऊन बसलेले १०० टक्के. ज्याला आपण म्हातारा म्हणून हिणवत होतो तो प्रोसेसर रिकामा बसलेला असतो. त्याच्यापर्यंत कामच पोचत नसतं.

असं का, हे समजून घेण्यात मला फार मजा वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात. लॅपटॉपमध्ये सहसा मिनिटाला ५४०० फेरे, डेस्कटॉपमध्ये ७२००. त्यांच्यावर वाचणारं टोक तरंगत असतं. हवी ती माहिती टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ५४००च्या डिस्कवर साधारण साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी टोक योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी दहा-बारा. मिळून पंधरा-सतरा मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण याचा अर्थ विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला फार तर साठ-सत्तर. आणि विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे लागतात. दप्तरखान्यात एकच शिपाई असावा, त्याने एका खेपेला एकच कागद आणावा, आणि साहेबांनी तोवर टेबलावर बोटं वाजवत बसावं, तशी ही अवस्था. त्यात रॅम, म्हणजे वर म्हटलेली मेमरी, कमी पडली की विंडोज मेमरीतलं जास्तीचं सामान तात्पुरतं डिस्कवरच नेऊन ठेवते. म्हणजे त्याच शिपायाला आता आणायचंही आहे आणि नेऊन ठेवायचंही आहे.

हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपांची डिस्क म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तुकडा कुठेही असो, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याच्याही आत हाती येतो. सेकंदाला साठ-सत्तरच्या जागी हजारो. जुन्या मशीनला दुसरं काहीही न करता केवळ हा एक बदल केला, तरी ते ओळखू येत नाही. पेटीवर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा आकडा मला त्या मानाने दुय्यम वाटतो. सलग मोठी फाइल वाचण्याचा तो वेग, आणि घरात सलग मोठी फाइल कितीदा वाचतो आपण? म्हणूनच जुन्या मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाचं, साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ती जागा) निम्म्या वेगाचं निघालं तरी हिरमुसायचं कारण नाही. खरी कमाई शोधण्याच्या वेळेत आहे, आणि ती तिथेही पुरेपूर मिळते. एम डॉट टूची पातळ पट्टी बसवायची खाच नाही म्हणून हळहळणारे लोकही मी बघितलेत. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच केबलवर बसते, आणि मेल उघडताना दोन्हींतला फरक डोळ्याला कळणं कठीण.

जागा किती हवी? साध्या वापराला २५० जीबीच्या आसपासची पुरते. फोटो आणि व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्यावेत.

रॅमचा मामला याहून सोपा, फक्त एक खाच बघून घ्यायची. साधारण २०१५च्या आधीच्या घरगुती मशीनमध्ये बहुधा डीडीआर३ रॅम असते, पुढच्यात डीडीआर४. दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. (बसवायला जोर लागतोय असं वाटलं तर थांबावं, जोर लावू नये.) काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, तिथे विषय संपला. नाहीतर चारची आठ जीबी केली की ब्राउझरवाल्या घराचं भागतं. सोळा कुणी सुचवली तर आधी टास्क मॅनेजरला विचारावं. आणि विंडोज अजून ३२ बिटची असेल, तर नवी रॅम घालून उपयोग होत नाही. घरगुती ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पलीकडचं वापरताच येत नाही. या एका तपशिलापायी "रॅम वाढवली तरी काही फरक नाही" असा शेरा मारून लोक मोकळे होतात.

रॅम आधी की एसएसडी आधी, यावर भांडणं होतात. माझं मत एसएसडीच्या बाजूने. रॅम आठ असेल तर ती तशीच असू द्यावी. चार असेल तर दोन्ही एकदमच करून टाकावं, कॅबिनेट तरी एकदाच उघडावं लागतं.

कॅबिनेट उघडण्यात एक वेगळाच आनंद आहे, तो मी नाकारणार नाही. आत जी धूळ निघते ती बघून एवढे दिवस हे यंत्र श्वास कसा घेत होतं, असं वाटून जातं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यामुळे पंखा आणि त्याखालच्या पत्र्यांमधली धूळ काढणं हीसुद्धा वेग वाढवण्याचीच युक्ती, आणि तिला खर्च नाही. पंखा झटकताना त्याचं पातं बोटाने धरावं, उगाच गरागरा फिरू देऊ नये. प्रोसेसर आणि पत्र्यांमधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर तीही नवी लावावी.

तिथेच मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल दिसतो, सीआर२०३२. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम त्याचं. तो संपला की कॉम्प्युटर चालू करताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग साइट एकामागून एक उघडायला नकार देतात. साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असतं, आणि आपला कॉम्प्युटर त्या तारखेच्या आधीच्या काळात जगत असतो. इंटरनेटवाल्याला फोन करून तासभर वाद घालण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ बघून घ्यावं.

एवढं झालं की मशीन धावायला लागतं आणि नेमका तेव्हाच विंडोजचा प्रश्न उभा राहतो. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. काही काळाची वाढीव मुदत मिळते, पण ती मुदतच. विंडोज ११ला टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना भलतंच काही चालू न देणारी सोय) लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आणि ती पिढी आली २०१७मध्ये. म्हणजे २०१५चं ठणठणीत मशीन, आठ जीबी रॅम आणि नवी एसएसडी घालूनही, कागदोपत्री नापास. अट चुकवून ११ बसवण्याच्या खटपटी आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी कुणी देत नाही, आणि ज्यावर पैशाचे व्यवहार करायचे त्यावर मी तरी ती खटपट करणार नाही.

माझ्या मते अशा मशीनचं खरं माहेर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली. त्यातही लिनक्स मिंट हा तिचा प्रकार, कारण विंडोजवर हात बसलेल्या माणसाला तिथे फारसं परकं वाटत नाही. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, ब्राउझर आधीपासून टाकलेला. पेनड्राइव्हवरून सुरू करून, काहीही न पुसता, आधी चालवूनही बघता येतं. ध्वनी येतो का, वाय-फाय लागतं का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर हलतो का, हे त्यातच तपासून घ्यावं. घरातलं सगळ्यात हट्टी यंत्र कॉम्प्युटर कधीच नसतो, तो मान प्रिंटरचा. एखादं हिशेबाचं किंवा कामाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर मात्र हा रस्ता बंद समजावा.

आणि इथेच थांबावं. अपग्रेडची चटक वाईट असते. प्रोसेसर नवा हवा म्हटलं की त्याचं सॉकेट जुन्या बोर्डाला जुळत नाही, बोर्ड बदलला की जुनी रॅम चालत नाही, पुढे पॉवर सप्लायवर शंका येते, आणि शेवटी जुन्या कॉम्प्युटरची नुसती पेटी उरते. व्हिडिओ लावला की पंखा ओरडतो, या तक्रारीवर ग्राफिक्स कार्ड घेणारेही आहेत. २०१३च्या आसपासच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडायची सोय आतच असते, नंतर आलेल्या व्हीपी९ची नसते. मग सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ७२०पी ही कमी स्पष्टता निवडावी, पंखा शांत होतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे उभे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले, तर एसएसडी परत पाकिटात घालावी. तिथे नवीन मशीन घ्या म्हणणारेच बरोबर.

काढलेल्या भागांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. लॅपटॉपची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली की बॅकअपच्या कामाला येते. मात्र तिचंही वय झालेलं असतं, म्हणून एकुलती एक प्रत तिच्या भरवशावर सोडू नये. दोन जीबीच्या रॅमच्या पट्टीचा मात्र आता काडीचा उपयोग नाही, कुठल्याच घरात नाही. तरी ती कुणी टाकत नाही. माझ्याकडे तीन आहेत.