तीन भावंडं, तीन संस्था

जानेवारी, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. मराठवाड्यातल्या आमच्या बालकल्याण समितीसमोर (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय हीच घेते) त्या दुपारी तीन भावंडं आली. मुलगी 9 वर्षांची, भाऊ 7 वर्षांचा आणि तिच्या कडेवर 3 वर्षांचा धाकटा. (बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलांची ओळख उघड करता येत नाही, म्हणून गावाच्या खुणा गाळल्या आहेत.) घरात मोठं माणूस नाही, पोरं एकटी झोपतात, असा फोन 1098 या बालहेल्पलाइनवर आला होता. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, परजिल्ह्यातल्या कारखान्याला. ज्या आजीच्या भरवशावर मुलं सोडली, ती पडून हाड मोडल्यानं दवाखान्यात.

सोबतचा अहवाल सात ओळींचा. 'पालक' या रकान्यात 'हजर नाहीत', शेऱ्यात 'निष्काळजीपणा'. मुलं 24 तासांच्या आत समितीपुढे आली होती, तिथवर सगळं कायद्याप्रमाणं. गडबड होते ती पुढे. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, बालगृहाचा अंतरिम आदेश पाच मिनिटांत निघतो. पण सहा वर्षांखालचं मूल शिशुगृहात जातं, मुलगी मुलींच्या बालगृहात, मुलगा मुलांच्या. आईबापांनी एकत्र ठेवलेली भावंडं आपण एका सहीनं तीन ठिकाणी पाठवतो.

परत आणणं मात्र लांबत जातं. सामाजिक तपासणी अहवालाला 15 दिवस, अंतिम निर्णयाला 4 महिन्यांपर्यंत. पालकांनी कागद घेऊन हजर व्हायचं, तर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोडप्याला टोळीचा मुकादम सोडत नाही. खाडा केला की ते पैसे उचलीत चढतात. मग दोन तारखा चुकतात आणि फायलीत लिहिलं जातं, 'पालकांना स्वारस्य नाही'. गरिबीचं हेळसांडीत रूपांतर होतं ते असं, कागदावर.

आम्ही आधी मुलीशी वेगळ्या खोलीत बोललो. गणवेशातलं कुणी नाही, मध्ये टेबल नाही. 'तुला कोण सांभाळतं?' असं विचारलं की मुलं गप्प होतात. म्हणून विचारलं, "बाळा, रात्री भ्या वाटलं तर कुणाला हाक मारतीस?"

"काकूला. भिंतीपल्याड हाय ती."

या चुलतीचं नाव अहवालात कुठंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

वैद्यकीय तपासणीत मारहाणीच्या खुणा नव्हत्या. धाकट्याच्या दंडाचा घेर 13.2 सेंटिमीटर, 12.5 च्या खाली कुपोषण धरतात, 11.5 च्या खाली तीव्र. अंगावर वळ असते, तर मी स्वतः त्याच क्षणी बालगृहाच्या आदेशावर सही केली असती. तिथं नात्यागोत्याचा विचार करत बसणं मुलाच्या जिवावर बेततं.

ग्रामसेवकाकडून मुकादमाचा नंबर मिळाला. आई फडातून फोनवर आली, तिचा पहिला प्रश्न, "नेली का माझी लेकरं सरकारनं?"

संध्याकाळपर्यंत चुलती एसटीनं आली. संरक्षण अधिकारी तोवर गावात पोचले होते. घर, चुलत्याची संमती, त्याच्यावर गुन्हा आहे का, शेजारी काय म्हणतात, हे त्यांनी जागेवर पाहिलं. एका सदस्यांचा आक्षेप होता, "काही झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त आहे. पण संस्थेत पाठवल्यानं सुरक्षित होते ती आपली फाईल. मूल सुरक्षित होतंच असं नाही. आणि संस्था हा शेवटचा पर्याय असल्याचं कायद्याच्या कलम 3 मध्येच आहे.

साडेसातला तीन सदस्यांच्या सह्या झाल्या. चुलतीला 'योग्य व्यक्ती', म्हणजे मुलं सांभाळायला कायद्यानं मान्य व्यक्ती, म्हणून मान्यता, तिचं हमीपत्र, थोरल्या दोघांना शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवण, धाकट्याला अंगणवाडी, दर 15 दिवसांनी गृहभेट, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, आईबापांनी समितीपुढे यायचं.

दुसऱ्या गृहभेटीत कळलं, मुलगी आठ दिवसांपासून शाळेत नव्हती. अंगणवाडी दुपारी सुटते, चुलती तेव्हा कापूस वेचायला रानात. धाकट्याला धरायला मुलगीच घरी थांबत होती. चुलतीला बोलावून दटावण्यात अर्थ नव्हता. मुख्याध्यापकांशी बोलून धाकट्याला दुपारनंतर बहिणीच्या वर्गात बसू देण्याची सोय केली आणि तसा दुरुस्ती आदेश काढला. तेव्हापासून अशा प्रत्येक आदेशात मी एक ओळ घालते: अंगणवाडी किती वाजता सुटते आणि त्या वेळी घरी कोण असतं.